नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : एका प्रवासाच्या अंतराचा आणि वेळेचा हिशेब

जानेवारी २०२५ मध्ये संक्रांत आटोपल्यावर आमच्या प्रतापनगरातील शेजारचे काका आणि काकू सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमॉन्ट शहरी मुलीकडे जाणार होते. काकांनी सत्तरी ओलांडलेली. मधुमेह जुना असल्याने रोज रात्री दहा वाजता इन्सुलिनचे इंजेक्शन ठरलेले. काकूंच्या गुडघ्यांना विमानतळावरचे लांब चालणे सोसण्यासारखे नव्हते. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास होता. मुलीने दिल्ली, कतारमधील दोहा आणि मुंबई–फ्रँकफर्ट असे तीन मार्ग शोधून पाठवले होते आणि "बाबा, तुम्हाला झेपेल तो सांगा" असे म्हणून निर्णय त्यांच्यावर सोडला होता. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो, म्हणून काकांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "अंतर नेमकं किती आणि वेळ नेमका किती, एवढं मला सांग."

कागदावर त्यांनी निरनिराळ्या ठिकाणांहून उतरवून घेतलेले आकडे होते. अंतर एके ठिकाणी ८,१४८, दुसरीकडे ७,०८० आणि तिसरीकडे १३,११३ असे दिलेले होते. वेळ एका जागी साडेचौदा तास आणि दुसऱ्या जागी पावणेचोवीस तास होता. शिवाय काकूंनी तिकिटाच्या मसुद्यावरून स्वतः काढलेला वेळ नऊ तास भरत होता, कारण पहाटे चारला नागपूर सोडून त्याच तारखेला दुपारी एक वाजता सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचे, असे त्या मसुद्यात छापलेले होते. यातला प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर आहे. मात्र कोणता आकडा कशाचा आहे हे कळल्याशिवाय त्यावरून मार्ग निवडता येत नाही, आणि या दोघांच्या प्रकृतीचा विचार करता निवड चुकणे परवडणारे नव्हते. म्हणून तो हिशेब सविस्तर लिहून ठेवत आहे.

अंतराचे तीन आकडे

नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे विमानतळ ३७.६ अंश उत्तर आणि १२२.४ अंश पश्चिम येथे आहे. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानून या दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर काढले, तर ते सुमारे १३,११३ किलोमीटर येते. हेच अंतर साध्या मैलांत ८,१४८ आणि सागरी मैलांत ७,०८० भरते, कारण साधा मैल १,६०९ मीटरचा आणि सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक सागरी मैल वापरतात, अमेरिकेतील सामान्य माणूस साधे मैल वापरतो आणि आपण किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे अधिक काटेकोर गणितात काही किलोमीटरांचा फरक पडतो. प्रवाशाने तो मनावर घेण्याचे कारण नाही.

महत्त्वाचे हे, की हे अंतर कोणत्या रेषेवरचे आहे. भिंतीवरच्या नकाशात अमेरिकेचा पश्चिम किनारा डावीकडच्या टोकाला असतो, त्यामुळे युरोप आणि अटलांटिक ओलांडून पश्चिमेकडेच जावे लागणार असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. काकूंनाही तसेच वाटत होते. पृथ्वीगोल घेऊन दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तेव्हा तो युरोपकडे गेलाच नाही. गोलावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत छोटी वाट हा बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, कंस असतो आणि नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारी ही वाट उत्तरेच्या किंचित पूर्वेला, सुमारे १९ अंशांनी, निघते. ती जबलपूरजवळून जाते, पुढे नेपाळ, तिबेट, शिनजियांग, पश्चिम मंगोलिया आणि सायबेरिया ओलांडते, पूर्व सैबेरियन समुद्रावर ७२ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि अलास्कावरून खाली येत कॅलिफोर्निया गाठते. दिल्ली या वाटेच्या इतकी जवळ पडते, की नागपूर–दिल्ली सुमारे ८५५ किलोमीटर आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर यांची बेरीज सरळ अंतरापेक्षा जेमतेम १२० किलोमीटरांनी जास्त होते. दोह्याचे गणित मात्र वेगळे आहे. नागपूर–दोहा सुमारे २,८४० आणि दोहा–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,९९५ मिळून १५,८३५ किलोमीटर होतात, म्हणजे सरळ अंतराहून २,७०० किलोमीटरांपेक्षाही जास्त. तिसरा मार्ग मुंबई आणि फ्रँकफर्टचा होता. तो १६,४०० किलोमीटरांच्या आसपास जात होता.

हे आकडे ऐकताच काकांनी "म्हणजे दिल्लीच" असे म्हणून कागद उचलला. त्यांना मी थांबवले, कारण विमान त्या दोऱ्यावरून उडत नाही.

दोऱ्यावरून उडता का येत नाही

पहिली अडचण तिबेटच्या पठाराची आहे. विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला साधारण दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे तीन हजार मीटरपर्यंत, लवकरात लवकर उतरावे लागते; प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मास्कमधला प्राणवायू थोडीच मिनिटे पुरतो. तिबेटमध्ये जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरांच्या आसपास असल्यामुळे तेथे तसे उतरायला जागा नाही. म्हणून दिल्लीहून अमेरिकेकडे जाणारी विमाने हे पठार टाळून पश्चिमेकडून मध्य आशियामार्गे किंवा पूर्वेकडून चीन-जपानच्या बाजूने वळसा घेतात.

दुसरी अडचण वाऱ्याची. या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. मध्य अक्षांशांवर, विमाने ज्या उंचीवरून उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात आणि हिवाळ्यात, विशेषतः जपान आणि उत्तर पॅसिफिकवर, ते फार जोरकस होतात. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा विमाने अटलांटिकच्या बाजूने जात होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने त्याच प्रवासासाठी पॅसिफिकची वाट धरली. अटलांटिकमार्गे अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर होते आणि पॅसिफिकमार्गे सुमारे १५,३०० किलोमीटर. तरीही चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि आधीच्या मार्गाच्या तुलनेत जवळजवळ दोन तास वाचले. भागाकार केला तर जमिनीच्या मानाने त्याचा सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरांच्या पुढे जातो. लांब पल्ल्याची विमाने वारा नसताना ताशी नऊशेच्या आसपास जातात, हे लक्षात घेतले म्हणजे वाऱ्याने किती हातभार लावला ते समजते. नागपूर–सॅन फ्रान्सिस्को साडेचौदा तास, हा काकांच्या कागदावरचा आकडा १३,११३ ला ९०० ने भागून आलेला आहे. त्यात ना वारा आहे, ना वळसा, ना मधला थांबा, आणि नागपूरहून असे थेट विमानही नाही.

तिसरी अडचण देशांच्या हद्दींची. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाची हवाई हद्द अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाली, भारतीय आणि कतारच्या कंपन्यांना ती खुली राहिली. त्यामुळे एकाच दोन शहरांमधले विमान कोणत्या कंपनीचे आहे यावरही उड्डाणाचा काळ अवलंबून राहू लागला. रशियावरून जाणाऱ्यांनाही निर्धास्त राहता येत नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे उतरवावे लागले होते आणि प्रवाशांना पुढे नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले. काकूंना मी हे मुद्दाम सांगितले. घाबरवण्याचा हेतू नव्हता. औषधांचा साठा हातातल्या पिशवीत आणि गरजेपेक्षा चार दिवस जास्त असावा, हे त्यावरून त्यांना पटले.

थांब्याचा हिशेब

दिल्लीच्या मार्गात नागपूरहून रात्री आठला निघून पावणेदहाला दिल्ली, तेथे सव्वासहा तास थांबून पहाटे चारला पुढचे विमान आणि पावणेसोळा तासांनी सॅन फ्रान्सिस्को, असा एकूण पावणेचोवीस तासांचा प्रवास होता. दोह्याच्या मार्गात नागपूरहून पहाटे चारला कतार एअरवेजचे विमान, सव्वाचार तासांत दोहा, सव्वादोन तासांचा थांबा आणि मग सोळा तासांचे उड्डाण, असे साडेबावीस तास होत होते. मुंबई–फ्रँकफर्टचा मार्ग सर्वांत स्वस्त होता, पण त्यात तीन विमाने आणि दोनदा बदल होते, वेळ तीस तासांच्या पुढे जात होता. काकूंचे गुडघे पाहता त्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

अडीच हजारांहून अधिक किलोमीटर लांबचा मार्ग सव्वा तास लवकर पोहोचवत होता, आणि तो सव्वा तास आकाशात मिळालेला नव्हता. आकाशातले तास मोजले तर दिल्लीचा मार्ग साडेसतरा तासांचा आणि दोह्याचा सव्वावीस तासांचा आहे. सगळा फरक जमिनीवरच्या थांब्याने भरून निघाला होता.

जोडविमानांची वेळ जुळवणे ही काय कला आहे, हे नागपूरला नव्याने सांगायला नको. १९४९ पासून कित्येक वर्षे रात्रीची हवाई टपालसेवा आपल्या सोनेगाव विमानतळावरूनच चालत होती. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एकमेकांत बदलून घेत आणि उजाडेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असल्याने नागपूरला हा मान मिळाला होता. आज दोह्यासारखी विमानतळे हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करतात: ठरावीक वेळी चहूकडून विमाने आणायची आणि दोन-तीन तासांत ती चहूकडे सोडायची. त्यामुळे नागपूरच्या प्रवाशाचा तेथील थांबा आटोपशीर राहतो.

थांबा छोटा असला तरी सोसवेल असा आहे का, हे वेगळे पाहावे लागते. दिल्लीत देशांतर्गत विमानातून उतरून आंतरराष्ट्रीय विमानाकडे जाताना पारपत्र तपासणी आणि सुरक्षा तपासणी मध्यरात्री पार पाडावी लागणार होती. दोह्याच्या मार्गात पारपत्राचे काम नागपूरलाच, घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, सोडायला आलेले नातेवाईक बाहेर उभे असताना उरकणार होते. दोह्यात फक्त सुरक्षा तपासणी उरत होती. त्यातही जानेवारी हा दिल्लीच्या धुक्याचा महिना. आधुनिक विमाने आणि प्रशिक्षित वैमानिक दाट धुक्यातही उतरू शकतात, परंतु दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागते, वेळापत्रक मागे पडते आणि त्याचा फटका नागपूरहून येणाऱ्या संध्याकाळच्या विमानालाही बसू शकतो. सव्वासहा तासांचा थांबा कंटाळवाणा असला तरी धुक्याच्या दिवसांत तो शहाणपणाचा होता, हे मान्य करायला हवे. तो कमी करा, असे मी काकांना कधीच सुचवले नसते.

एक गोष्ट दोन्ही मार्गांना सारखीच लागू होती आणि ती आम्ही मुलीला निक्षून सांगितली: दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असली पाहिजेत. तसे असेल तर सामान नागपूरला दिले की थेट सॅन फ्रान्सिस्कोला मिळते आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर पुढची सोय करणे कंपनीवर येते. दोन स्वतंत्र तिकिटे घेतली की ही जबाबदारी प्रवाशावर पडते, आणि सत्तरीतल्या माणसाने ती मध्यरात्री परक्या ठिकाणी निभावायची, हे मला अजिबात मान्य नाही.

इन्सुलिनचे घड्याळ

निर्णय शेवटी झाला तो इन्सुलिनवरून. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि कॅलिफोर्नियाची हिवाळी वेळ आठ तास मागे, म्हणून जानेवारीत दोन्हींत साडेतेरा तासांचा फरक असतो. काकूंच्या नऊ तासांत हे साडेतेरा मिळवले की साडेबावीस होतात. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापतात, एवढेच त्याचे कारण.

काकांचे रात्री दहाचे इंजेक्शन म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची सकाळची साडेआठची वेळ. दिल्लीच्या मार्गाने गेले असते तर पहिल्या दिवशीचे इंजेक्शन दिल्लीत उतरल्यावर पाव तासात, धावपळीत आणि जेवणाचा पत्ता नसताना घ्यावे लागले असते, आणि दुसरे सव्वासहाला उतरल्यानंतर इमिग्रेशन, सामान आणि फ्रीमॉन्टची मोटार यांच्या दरम्यान कुठेतरी. दोह्याच्या मार्गात पहिले इंजेक्शन निघण्यापूर्वी घरीच होत होते आणि पुढचे, चोवीस तासांनी, मोठ्या विमानात स्वतःच्या खुर्चीवर बसून, उतरण्याआधी साडेचार तास. काकांच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळापत्रके पाहून दुसरे पसंत केले, मात्रा आणि जेवणे यांचा तक्ता लिहून दिला आणि तेथे पोहोचल्यावर वेळ टप्प्याटप्प्याने कशी सरकवायची तेही ठरवून दिले. ते काम डॉक्टरांचेच आहे. ज्यांना इन्सुलिन लागते त्यांनी मनाने वेळ बदलू नये. आम्ही फक्त काकांचे मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायला सांगितले, आणि इन्सुलिन मोठ्या बॅगेत न टाकता डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवायला लावले, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते.

प्रत्यक्ष प्रवास

दोघे दोह्यामार्गे गेले. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवलेली असल्यामुळे दोह्यातील सव्वादोन तास काकूंना पुरले. पुढच्या सोळा तासांत दर दोन तासांनी उठून मधल्या वाटेने चार पावले चालायचे, पाणी पीत राहायचे आणि पायांत डॉक्टरांनी सांगितलेले दाबमोजे घालायचे, हे दोघांनी पाळले. इतका वेळ बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. दोह्याहून सॅन फ्रान्सिस्कोची सर्वांत छोटी वाट ८५ अंश उत्तरेपर्यंत, ध्रुवापासून साडेपाचशे किलोमीटरांच्या आत, चढते. सकाळी आठला निघूनही मध्ये कित्येक तास बाहेर अंधार होता आणि मग पुन्हा उजाडले, याचे काकांना फार नवल वाटले. जानेवारीत त्या अक्षांशांवर सूर्य उगवतच नाही. विमान छापील वेळेच्या थोडे आधी उतरले. नागपुरातील घराच्या दारापासून फ्रीमॉन्टच्या दारापर्यंत मात्र साडेअठ्ठावीस तास लागले, कारण सोनेगावला तीन तास आधी पोहोचणे आणि तिकडे इमिग्रेशनची रांग, सामान व रस्ता हे कोणत्याच आकड्यात धरलेले नव्हते. शरीराला नव्या दिवसरात्रीशी जुळवून घ्यायला आठवड्याहून अधिक काळ गेला, आणि या वयात तितका धरूनच चालावे.

परतीचा प्रवास मे महिन्यातला होता. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास पुढे जातात, त्यामुळे फरक साडेबारा तासांवर आला होता आणि इंजेक्शनची सकाळची वेळ साडेनऊ झाली होती. दुपारी साडेतीनला सॅन फ्रान्सिस्को सोडून दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचला दोहा आणि तिसऱ्या तारखेला पहाटे दोनच्या सुमारास नागपूर, असा सव्वाबावीस तासांपेक्षा किंचित कमी प्रवास झाला. दोह्याहून नागपूरला येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने पावणेचार तासांच्या आसपासच लागले, जाताना सव्वाचार लागले होते. कॅलेंडरावर दोन तारखा उलटतात, म्हणून आणायला येणाऱ्यांना वार आणि तारीख दोन्ही लिहून पाठवावे. पहाटे दोनच्या विमानासाठी आदल्या रात्री घरून निघायचे असते, आणि नेमका हाच घोळ फार जणांचा होतो.

दरम्यान २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली होती. दिल्लीहून पश्चिमेकडे वळून जाणाऱ्या भारतीय विमानांचे मार्ग त्यामुळे लांबले आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना वाटेत इंधनासाठी उतरावे लागू लागले. पुढे २३ जूनला कतारचीही हवाई हद्द काही तास बंद राहिली आणि दोह्याकडे निघालेली विमाने दुसरीकडे वळवावी लागली. काकूंच्या धाकट्या बहिणीला येत्या हिवाळ्यात त्याच घरी जायचे आहे. तिच्यासाठी अंतराचे आकडे तेच राहतील. वेळेचा हिशेब मात्र तिकीट काढण्याच्या आठवड्यात, त्या वेळी कोणत्या हद्दी खुल्या आहेत आणि दोन विमानांमध्ये किती तास मिळतात हे पाहून, नव्याने मांडायचा असे आम्ही ठरवले आहे. तिला इन्सुलिन लागत नाही आणि ती भराभर चालते, त्यामुळे तिच्या बाबतीत दिल्लीचा मार्गही मी खुला ठेवला आहे.